सल्ला चालेल, हात नाही

“हे झाकण पन्हळीला बसणार नाही हं.”

मी दुकानात पाइपांच्या कप्प्यासमोर उकिडवी बसले होते, हातात करड्या प्लास्टिकचं एक गोल झाकण. मान वळवून पाहिलं तर मागे एक उंच मुलगा… ओला रेनकोट, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि चेहऱ्यावर हसू दाबायचा फसलेला प्रयत्न.

“पन्हळीसाठी आहे असं कोण म्हणालं?”

“तुम्हीच. आत्ता, दुकानातल्या माणसाला.”

“दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायची सवय आहे वाटतं?”

“शाळेत शिकवतो,” तो म्हणाला. “फळ्याकडे तोंड असलं तरी मागच्या बाकावर कोण काय चघळतंय ते ऐकू येतं. चोरून नाही, आपोआप.” त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. “पन्हळीचा पाइप याच्या दुप्पट जाड असतो. हे तर… एखाद्या टाकीच्या—”

“माझी पन्हळ बारीक आहे,” मी म्हटलं.

“असेल. मेपेलमध्ये पाऊस कमी पडत असेल.”

बाहेर चार दिवस पावसाची पिरपिर थांबली नव्हती. मला हसू आलं, ते मी झाकणाकडे बघून गिळलं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे मोठे आणि जरा गोंधळलेले दिसत होते, आणि मी ते गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिले हे त्यालाही कळलं असावं. मग मी पैसे दिले, सायकलवर टांग टाकली आणि पुलापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की त्याचं नाव विचारायचं राहिलं. स्वतःवर इतकी चिडले की समोरून येणारी टपालाची गाडीही मला दिसली नाही.

झाकण अर्थातच पन्हळीसाठी नव्हतं. ते माझ्या माशांच्या टाकीसाठी होतं, आणि टाकीबद्दल मी तेव्हा कुणाशीही खरं बोलायच्या मनःस्थितीत नव्हते.

त्याचं असं झालं. आमच्या गावात, मेपेलमध्ये, मत्स्यालय मंडळ आहे. दर नोव्हेंबरात बाहेरगावचा परीक्षक सभासदांच्या घरोघरी जातो, बैठकीच्या खोलीत टाकीसमोर खुर्ची टाकून तासभर बसतो आणि गुण देतो. त्याच्या मागे सोफ्यावर मंडळाचे लोक कॉफीचे कप मांडीवर घेऊन बसतात. परीक्षण चालू असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही, आणि गुण कळतात ते महिनाअखेरच्या संमेलनात. लहानपणापासून मी हे बघत आलेय. तेव्हा टाकी माझ्या बाबांची होती. वुबे फेल्डहाउस म्हणजे मंडळाचं दैवत. दोन वर्षांपूर्वी बाबांनी दुसरं लग्न केलं आणि ते पोर्तुगालला गेले. नव्या बायकोला मासे आवडतात, पण ताटात. टाकी माझ्याकडे राहिली. मागच्या दोन्ही वर्षी तिला छान गुण मिळाले आणि दोन्ही वेळा मंचावरून काय पुकारलं? “वुबेची टाकी.”

मी तिथेच बसले होते. पहिल्या रांगेत.

म्हणून यंदा मी टाकी पार रिकामी केली आणि पुन्हा उभारली. वनस्पती माझ्या, मांडणी माझी. मागे उंच हिरवी झाडी, मधून तिरकी वर चढत जाणारी छोट्या पानांची वाट, आणि बाबांनी जन्मात केलं नसतं ते म्हणजे अगदी पुढ्यात लालभडक रोपांचा एक झुबका. खालच्या कपाटात गाळणीची दुसरी, छोटी टाकी बसवली, तीही मीच. वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून खाली उतरतं, गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. ऐकायला सोपं. पण जेवढं वर जातं तेवढंच खाली यायला हवं, आणि माझं पाणी खाली येताना असा आवाज करायचं की जणू कुणी कपाटात बसून चुळा भरतंय. बाबांची टाकी कधी हूं की चूं करायची नाही. हा गुडगुडाट ऐकून सोफ्यावरचे लोक एकमेकांकडे कसे बघतील, ते मला आत्ताच दिसत होतं.

उतरायचे पाइप दोन होते. पहिल्या, मोठ्या पाइपाला चावी होती; दुसरा मोकळा, नुसता आधाराला. मी काय शहाणपणा केला, तर दुसऱ्याचं तोंड त्या झाकणाने बंद केलं आणि पहिल्याची चावी केसाकेसाने फिरवत पंपाशी अगदी बरोबरीला आणली. गुडगुडाट थांबला. खोली इतकी शांत झाली की मी आनंदाने एकटीच टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात ओस्टिंगकाका. ते मंडळाचे चिटणीस आणि बाबांचे जुने दोस्त. मी त्यांना पाळण्यात असल्यापासून ओळखते. मागे छत्र्या झटकत पाच-सहा सभासद. आणि काका म्हणाले, “हिल्के, हे आपले परीक्षक. स्टेनवाइकहून आलेत. योरिट हाउझिंगा. यंदा पहिलंच वर्ष.”

चष्म्यावर थेंब. तोच.

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, “नमस्कार. पन्हळ कशी आहे?”

“कोरडी,” मी म्हटलं.

काकांना काही कळलं नाही. त्यांनी केक टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना दटावून गप्प बसवलं.

परीक्षण सुरू झालं आणि मी त्या माणसाला बघायला लागले… खरं तर टाकी बघायला हवी होती. पण लोक टाकीकडे जसं बघतात तसं तो बघत नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान किंचित कलती, आणि डोळे त्या हिरव्या वाटेवरून इतके सावकाश वर चालले होते की जणू तो स्वतः तिथून चालत निघालाय. लाल झुबक्यापाशी तो थांबला. पुन्हा मागे आला. पुन्हा थांबला. ते लाल रोप जगवायला मी काय काय केलं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि हा माणूस न सांगता ते वाचत होता. इतक्या मनापासून माझं काही कुणी पाहिल्याचं मला आठवेना.

मग त्याची नजर वर गेली, पाण्याच्या रेषेकडे. तिथेच अडकली. तो उठला, कपाट उघडलं, आत वाकला. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

“मी परीक्षण थांबवतो,” तो म्हणाला. “या टाकीला मी गुण देऊ शकत नाही.”

सोफ्यावर कपबशा खणखणल्या.

“ते झाकण काढा. आत्ता. पाणी काठाला आलंय.”

आलंच होतं. पहिल्या पाइपात एखादी गोगलगाय नाहीतर पान अडकलं असणार. पंप आपला ढकलतोय, पाणी उतरत नाही, आणि दुसरी वाट मी स्वतःच्या हाताने बुजवलेली. मी गुडघ्यांवर बसून झाकण उपसलं. सगळ्या मंडळासमोर टाकीने एक लांबलचक, निर्लज्ज ढेकर दिला आणि पाणी खाली गेलं.

“वुबे असता तर…” कुणीतरी पुटपुटलं. वाक्य पुरं करायची गरजच नव्हती.

सगळे गेल्यावर मी त्याला दारात गाठलं.

“दोन शब्द माझ्या कानात सांगता आले नसते?”

“सांगता आले असते. मग तुम्ही गुपचूप झाकण काढलं असतं, मी तुम्हाला गुण दिले असते, आणि ते खोटे ठरले असते.”

“आणि न सांगता?”

“मग तुमची जमीन भिजली असती. आणि मासे…” त्याने चष्मा काढला, पण पुसायचं विसरला. “मला ती टाकी फार आवडली. म्हणजे, फारच. म्हणून गप्प बसवलं नाही.”

“उपकार झाले,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग दाराला पाठ टेकून रडले. राग त्याचा कमी आणि माझाच जास्त होता.

संध्याकाळी ओस्टिंगकाकांचा फोन आला. संमेलनापूर्वी दुसरा परीक्षक येऊ शकतो म्हणे, पण एक अट आहे. टाकी माझ्या हातची हवी. दुसऱ्या कुणाचा हात पाण्याला लागला, तर ती माझ्या नावावर धरणार नाहीत. “सल्ला चालेल,” काका म्हणाले. “सल्ल्यावर तर आपलं मंडळ चाललंय. पण हात नाही.”

बुधवारी शाळा सुटल्यावर बेल वाजली. योरिट. हातात गरम ओलीबोलनची पुडी, तळलेल्या गोळ्यांच्या तेलाने कागद पारदर्शक झालेला, आणि नाकावर पिठीसाखर.

“माफी मागायला आलोय. वाटेत एक खाल्ला. दोन खाल्ले.”

“माफी मिळेल,” मी म्हटलं. “पण हात खिशात ठेवायचे. माझ्या टाकीपासून लांब.”

“पुडी कुठे ठेवू?”

ती मी काढून घेतली. त्याने खरंच दोन्ही हात रेनकोटच्या खिशात घातले आणि तसाच आत आला.

अशा रीतीने ज्याने माझं वर्ष बुडवलं होतं, तोच मला पाणी शिकवायला लागला. तो जमिनीवर मांडी घालून बसायचा, डोळे मिटायचा आणि नुसता ऐकायचा. शाळेत पोरांचं ऐकत असेल तसंच. “मोठा पाइप हवा ओढतोय,” तो म्हणायचा. “चावी थोडी बंद कर. अजून थोडी. बस. आता थांब.”

“किती वेळ?”

“पाण्याला जागेवर बसायला लागेल तितका. फिरवलं की लगेच पुन्हा फिरवायचा मोह होतो ना, तोच टाळायचा.”

“आणि तोवर करायचं काय?”

“कॉफी?”

तर प्रेमात पडण्याची आमची पद्धत ही अशी होती. चावी केसभर फिरवायची आणि थांबायचं. थांबताना कॉफी, कॉफीबरोबर गप्पा. मी त्याला सांगितलं की मी कालव्यावरचा पूल चालवते, बोट आली की उचलते. तो म्हणाला, “म्हणजे अख्ख्या गावाला थांबवायची सवय तुला आहेच, फक्त स्वतःला थांबवायची नाही.” मी त्याला विचारलं, परीक्षक का व्हायचं होतं? त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “लोक दिवसभर दमून घरी येतात आणि रात्री एवढंसं जंगल सांभाळतात. त्यांच्याकडे कुणीतरी नीट बघायला नको का? मला ते बघायचंय. घरोघरी जाऊन.” हे सांगताना त्याचे कान लाल झाले. मला इतकी माया दाटून आली की मी उठून उगाच पंपाकडे बघायला गेले.

एक गोष्ट त्याने मला पहिल्याच दिवशी समजावली होती आणि मला ती पटायला तीन बुधवार लागले. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करायला जाऊच नये. मोठा पाइप थोडा कमी पडेल असा ठेवायचा, आणि उरलेली बारीकशी धार दुसऱ्या पाइपाने, मोकळी, उतरू द्यायची. मोठ्यात काही अडकलं तर दुसरा आहे.

“पण मग बरोबरी कुठे झाली?”

“बरोबरी झाली की. फक्त जराशी जागा ठेवून.”

तिसऱ्या बुधवारी आम्ही वीज गेल्यासारखं करून पाहिलं. मी पंपाची पिन काढली. वरचं पाणी हळूहळू खालच्या टाकीत यायला लागलं… चढलं, चढलं, काठाच्या अगदी खाली येऊन लोंबकळलं. मी खालची टाकी शिगोशीग भरून ठेवली होती ना. योरिटचे हात खिशातून निम्मे बाहेर आले.

“हात,” मी म्हटलं.

“सांडतंय!”

“सांडू दे. हात.”

तो तिथेच ओठ चावत बसला, आणि मी तांब्याने पाणी उपसत होते, हसत होते. कोपरापर्यंत भिजलेली. शेवटी पाणी थांबलं. जमिनीवर एक थेंब नाही. मी कपाळावरचे केस मनगटाने मागे सारायला गेले, ते जमेना. एक बट डोळ्यावरच राहिली. त्याने ती बघितली. खिशात त्याच्या मुठी वळल्याचं मला रेनकोटच्या कापडावरून दिसलं.

“यावर नियम काय म्हणतो?” त्याने हळूच विचारलं.

“टाकीचं पाणी लागलंय केसांना,” मी म्हटलं. “म्हणजे… नाहीच.”

“नाहीच,” तो म्हणाला. पण त्याचा आवाज जागेवर नव्हता, आणि माझाही.

नवीन परीक्षक म्हणजे टेर्प्स्ट्राबाई. बारीक, ताठ, वीस-बावीस वर्षं उत्तरेतल्या सगळ्या टाक्या बघितलेल्या. त्या आल्या त्या दिवशी सोफा पुन्हा भरला. योरिटला मी येऊ नकोस म्हटलं होतं. तो आला आणि अगदी कोपऱ्यात बसला.

बाईंनी आधी मला विचारलं, “टाकीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलाय?”

“नाही.”

मग त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. “तुम्ही मागचं परीक्षण थांबवणारे ना? तुमचा लागलाय?”

“नाही. नुसता बोललो.”

“आणि या घरात तुम्ही कोण?”

सगळ्यांच्या माना वळल्या. नियम आम्हा सगळ्यांनाच पाठ होता. एखाद्या स्पर्धकाच्या घराशी परीक्षकाचा संबंध असला, तर त्याला त्या विभागात पुन्हा परीक्षण करता येत नाही. ओस्टिंगकाकांनी पुढे झुकून दबक्या आवाजात म्हटलं, “ओळखीचा म्हण रे. ओळखीचा म्हटलं की झालं.”

योरिटने माझ्याकडे पाहिलं नाही. तो बाईंकडेच बघत होता, वर्गात नाव पुकारलेल्या मुलासारखा.

“अजून कोणी नाही,” तो म्हणाला. “पण व्हायची फार इच्छा आहे.”

कुणाचा तरी चमचा बशीत पडला.

“इच्छा आहे म्हणजे संबंध आहे,” टेर्प्स्ट्राबाई म्हणाल्या. “आम्ही तसंच धरतो. इथून पुढे उत्तर विभागात तुम्हाला परीक्षण नाही.”

“माहीत आहे. धरा.”

मी तोंड उघडलं. बाईंनी बोट वर केलं. “परीक्षण सुरू झालंय.”

आणि एक अख्खा तास मला बोलता आलं नाही. त्या तासाइतकं सुखाचं आणि हालाचं दुसरं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही. कपाटात काही गुडगुडत नव्हतं, दुसऱ्या पाइपातून बारीक धार मुकाट उतरत होती, मासे आपल्या वाटेने ये-जा करत होते. मी योरिटकडे बघत होते. तो कार्पेटकडे बघत होता. घरोघरी जाऊन बघायचं म्हणाला होता, आणि ते त्याने एका वाक्यात सोडून दिलं… मला काही न विचारता. मला त्याचा असा अभिमान वाटला, आणि असा राग आला, की हे दोन्ही कुठे ठेवावं कळेना.

शेवटी टेर्प्स्ट्राबाई उठल्या. लाल झुबक्याकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं.

“गुण मी सांगणार नाही,” त्या मला म्हणाल्या. “पण वुबेची टाकी मी बारा वेळा पाहिलीय. ही त्याची नाही. पुढ्यात लाल लावायची त्याची छाती झाली नसती.” मग कोटाची बटणं लावता लावता म्हणाल्या, “आता बोल काय बोलायचंय ते. सगळे खोळंबलेत.”

खरंच कुणी जागचं हललं नव्हतं. मी सरळ कोपऱ्यापाशी गेले.

“मला न विचारता सांगून टाकलंस?”

“हो,” तो म्हणाला. “चुकलं का?”

“उशीर झाला. मी पहिल्या बुधवारपासून वाट बघतेय.”

त्याचा चेहरा उजळला. मी त्याचा चष्मा काढला आणि सगळ्या मंडळासमोर त्याच्या ओठांवर ओठ टेकवले. ओस्टिंगकाका मोठ्याने खिडकीबाहेरच्या हवेबद्दल बोलायला लागले.

महिनाअखेर संमेलन झालं. परीक्षकांची रांग मंचावर बसली होती. त्यात योरिट नव्हता. तो खाली, माझ्या शेजारी होता. मी त्याला विचारलं, “वर बसायला हवं होतंस असं वाटतंय?” तो म्हणाला, “वाटतंय. खोटं कशाला बोलू? पण इथून जास्त बरं दिसतंय.” एकेक नाव पुकारलं जात होतं, पडद्यावर टाक्यांची चित्रं येत होती. मग पडद्यावर माझी हिरवी वाट आली, लाल झुबका आला, आणि ओस्टिंगकाकांनी घसा साफ करून वाचलं, “हिल्के फेल्डहाउस.” तेवढंच. पुढे-मागे कुणाचंही नाव नाही.

या दोन शब्दांसाठी मी वर्षभर मरमर केली होती. पण ते पुकारले गेले तेव्हा मी मंचाकडे बघतच नव्हते. शेजारी योरिट उभा राहिला होता, सगळ्यांच्या आधी, एकटाच, आणि टाळ्या वाजवत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्याकडेच बघत बसले. गुण किती मिळाले आणि नंबर कितवा आला, ते मला नंतर ओस्टिंगकाकांना जाऊन पुन्हा विचारावं लागलं.